दिशा बदलून आगेकूच

ओकुमुरासाहेबांनी लाल पेन्सिलने मी लिहिलेला 'माघार' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'दिशा बदलून आगेकूच'. सातव्यांदा!

"साहेब, युद्ध संपून तीस वर्षं झाली," मी वैतागलो. "ब्रह्मदेशात आपल्या डिव्हिजनचा पार धुव्वा उडाला. उपाशीपोटी, चिखल तुडवत आपण मागे पळालो. मी होतो की तिथे! हा डिव्हिजनचा इतिहास आहे की लग्नाची पत्रिका?"

"माझी डिव्हिजन कधीच मागे हटली नाही."

तेव्हा जपानी सैन्यात ते मेजर होते आणि मी त्यांचा कारकून. आजही तेच.

तेवढ्यात हिरोसेबाई आल्या. त्यांचा नवरा आमच्याच डिव्हिजनमधला. त्याची म्हणून घरी आलेल्या पेटीत अस्थी नव्हत्या, नुसती नावाची चिठ्ठी होती.

"ते कुठे वारले, तेवढं दाखवा," त्या म्हणाल्या.

मी नकाशात नदीकाठच्या रस्त्यावर बोट ठेवलं. बाई तिथेच बघत राहिल्या.

"निघताना ते 'येतो' म्हणाले नाहीत. सैनिकाने तसं म्हणायचं नसतं म्हणे. एवढंच सांगा, त्या दिवशी ते पुढे चालले होते, की घरी यायला निघाले होते?"

मी साहेबांकडे बघितलं. आता सांगा म्हणावं, आगेकूच!

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "घरी, वहिनी," ते हळूच म्हणाले. "आम्ही सगळेच घरी निघालो होतो."

मग माझ्यावर खेकसले, "बघतोस काय? नवा कागद घे. माघार लिही."