दीर्घिका

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या टेंबेवहिनी पन्ह्याचा पेला खाली ठेवून कुमुदच्या कानाशी लागल्या. "राग मानू नका, पण तुमच्या ह्यांचं लक्षण काही ठीक नाही. सकाळी फोनवर कुणाला तरी सांगत होते, आज रात्री परसात दीर्घिकेचे फोटो काढणार म्हणून."

कुमुदला ठसकाच लागला. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, लाखो प्रकाशवर्षं लांबची, हे तिच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तिला टेंबेवहिनींच्या गच्चीवरचा दिवा आठवला. चोरांच्या भीतीने तो रात्रभर भगभगत असायचा आणि त्या उजेडापायी नवऱ्याने काढलेला आभाळाचा एकही फोटो धड येत नव्हता. विनवण्या करून बिचारा थकला होता.

तिने पदर डोळ्यांना लावला. "मलाही संशय होताच, वहिनी. पण तुमचा दिवा असतो ना, उजेडात ती कशाला येतेय?"

त्या रात्री टेंबेवहिनींनी आपल्या हाताने दिवा मालवला आणि खिडकीत ठाण मांडलं.

सकाळी त्या डोळे चोळत कुंपणापाशी आल्या. "कुणीसुद्धा आलं नाही हो. तुमचे हे एकटेच कॅमेरा लावून आभाळाकडे बघत बसले होते."

आतून नवऱ्याची खुशीतली शीळ ऐकू येत होती.

"येऊन गेली की. मी फोटो पाहिला," कुमुद म्हणाली. "तुमचा डोळा लागला असेल. आजही दिवा बंदच राहू द्या, वहिनी. तिची धाकटी बहीण यायची आहे म्हणे."