बांध कुणी फोडला

"याहून हळू गेलास तर बदकं ओव्हरटेक करतील," म्हातारा मागच्या सीटवरून खेकसला.

मुलगा हसला नाही. एका हातानं स्टिअरिंग धरून तो गाडी सरळ नेत राहिला. रस्ता सोपाच होता. सपाट, एकेरी, दोन्हीकडे पाणी. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही, मागं फिरायचं नाही, असं अभयारण्याच्या फाटकावरच्या माणसानं बजावलं होतं. पक्षी गाडीला भीत नाहीत म्हणे, माणसाला भितात.

"बाबा, ते बघा, किती बगळे!" पुढं बसलेली सून म्हणाली. सासऱ्यांना इथं आणायचं खूळ तिचंच.

"काय बघू, डोंबल? इथं गहू होता!"

म्हाताऱ्याचा सगळा जन्म या पाण्याशी भांडण्यात गेला होता. बांधाच्या आत शेतं, बाहेर तळं, आणि मध्ये तो आणि त्याचा पंप. आत पाझरलेलं पाणी उपसून तो परत तळ्यात फेकायचा. पंपाचा आवाज जरा बदलला की भरल्या ताटावरून उठून धावायचा. मग एक दिवस वरून हुकूम आला, तळ्याची जागा तळ्याला परत द्या. शेतवाल्यांना दुसरीकडं जमिनी मिळाल्या, बदकांना घरं मिळाली. याला मिळाला नारळ.

वळणावर बांधाचं उरलेलं टोक दिसलं. त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसले होते, बापाची पेंड असल्यासारखे. म्हाताऱ्याचं टाळकं सटकलं.

"ज्यानं हा फोडला ना, त्याचे हात झडोत! दोन्ही हात झडोत मेल्याचे!"

हे रोजचंच होतं. घरी जेवायला बसलं की पहिल्या घासाबरोबर हा शाप ठरलेला. पण आज सुनेला तो सोसवला नाही.

"बस करा, बाबा! जेसीबीवर तुमचा मुलगाच होता. यांनीच फोडला बांध."

गाडी थांबली. मुलाचा हात स्टिअरिंगवरून सुटून मांडीवर पडला.

"ठेकेदार कुणाला तरी बसवणारच होता," तो समोर बघतच म्हणाला. "दुसऱ्यानं पंपासकट सगळं बुडवलं असतं. मी आधी पंप उचलून वर ठेवला, बाबा. मगच बांधाला हात लावला."

"मग हे बोलायला तोंड शिवलं होतं का तुझं?" म्हातारा कडाडला. "गधड्या, माझ्यासमोर बसून रोज शाप ऐकलेस! खाली मान घालून जेवत राहिलास! एकदा तरी मला गप्प करायचं होतंस!"

पाणकावळे भर्रकन उडाले. मागच्या गाडीतून कुणीतरी काच खाली करून "शूऽऽ" केलं.

"तू गप रे!" म्हातारा मागं वळून ओरडला.

पुन्हा पुढं वळला, तेव्हा मुलाचे हात अजून मांडीवरच होते. नखांत काळं वंगण होतं. म्हाताऱ्याच्या स्वतःच्या नखांत जन्मभर असायचं, तसंच.

"चल आता. लोक खोळंबलेत."

मुलानं सवयीनं एकच हात वर घेतला. गाडी हलली.

"दोन्ही हातांनी धर," म्हातारा दरडावून म्हणाला. "दोन्ही हातांनी!"