मोरित्सचा वास

“खिडकी उघड, ब्रूनो,” फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. सेल्मा अजून दारातच उभी होती. तिने टोपीसुद्धा उतरवली नव्हती.

ब्रूनोने मुकाट्याने खिडकी उघडली. त्याची आई, फ्राऊ लिंडनर, नाकाला रुमाल लावून खुर्चीत बसली. आई हो म्हणाली तरच लग्न, असं त्याने सेल्माला स्पष्ट सांगून टाकलं होतं. त्यासाठीच तर ही रविवारची कॉफी होती. आणि सेल्मा दारातच नापास व्हायला लागली होती.

सकाळपासून ती हात धूत होती. व्हिनेगरने धुतले, राखेने घासले, कॉफीच्या चोथ्याने चोळले. कातडी सोलवटली, पण वास जाईना. ड्रेस्डेनमधल्या तिच्या कारखान्यात अंड्याचं पांढरं लावून फोटोचा कागद बनायचा आणि सेल्मा तिथे दिवसभर अंडी फोडायची. पांढरं एका भांड्यात, पिवळं दुसऱ्यात. पांढरं घुसळून पिंपांत भरायचं आणि चांगलं सडू द्यायचं. घाण जितकी जास्त तितकी कागदाला चकाकी जास्त, असं मुकादम छाती फुगवून सांगायचा. मग त्या सडक्या, चिकट पाण्यावर कागद पसरायचे, वाळवायचे, आणि नटूनथटून आलेले लोक त्याच कागदावर आपली छबी उतरवून घ्यायचे. सेल्माला त्या पिंपांची किळस यायची. स्वतःच्या बोटांची त्याहून जास्त.

टेबलावर केक होता, वर अंड्याच्या पिवळ्याचा बोटभर थर असलेला.

“आमच्या बेकरीवाल्याचा हात सढळ आहे हो,” फ्राऊ लिंडनर रुमालाआडून म्हणाल्या. “इतका पिवळाधमक केक गावात कुणाकडे मिळायचा नाही.”

मिळणार कसा? कारखान्याची हातगाडी रोज त्याच बेकरीच्या मागच्या दारी पिवळं ओतून यायची. पिवळ्याच्या टबात काय काय पडतं ते सेल्माने डोळ्यांनी पाहिलं होतं. टरफलं, माश्या, एकदा तर शेजारी अंडी फोडणाऱ्या पोरीच्या नाकातलं पाणी. तिने बशी हळूच पुढे सारली. ब्रूनोने दुसरा तुकडा घेतला.

“खा की गं. का आमच्या घरचं चालत नाही?”

“पोट भरलंय, फ्राऊ लिंडनर.”

“माझंही भरलं. वासानेच.” त्या मुलाकडे वळल्या. “हे बघ ब्रूनो, मी मनात एक आणि तोंडावर एक असं करत नाही. पोरगी वाईट नसेल. पण ही घरात आली तर पडदे जाळावे लागतील, गाद्या जाळाव्या लागतील. त्यापेक्षा चांभाराची पोरगी परवडली रे!”

ब्रूनोने बशीतला उरलेला घास तोंडात टाकला. त्याच्या मिशीला केकचा चुरा लागला होता. सेल्माला त्या चुऱ्याचीही शिसारी आली. ती उठली.

“आई, तिला मोरित्सचा फोटो तरी दाखव,” ब्रूनो घाईघाईने म्हणाला. दुसरं काही बोलायची त्याची छाती नव्हती.

याला मात्र फ्राऊ लिंडनर नाही म्हणू शकल्या नाहीत. थोरल्या मुलाचा फोटो त्या दूधवाल्यालाही दाखवत. त्यांनी काळी फीत बांधलेली पत्र्याची डबी उघडली. एका हाताने रुमाल नाकाशी तसाच होता.

“युद्धावर निघायच्या आदल्या दिवशी काढला. फोटो हातात आला तोवर पलटण फ्रान्समध्ये. मग फोटोच राहिला.” त्या थांबल्या. “हसू नकोस हं. पहिलं वर्षभर याला त्याचा वास यायचा. डबी उघडली की मोरित्स घरात असायचा. मी रोज मुका घ्यायची. उडून जाऊ नये म्हणून झाकण घट्ट लावून ठेवते. तरी गेला मेला. हा ब्रूनो म्हणतो, आईला वेड लागलंय.”

सेल्माने फोटो हातात घेतला. अंगठ्याला कागद लगेच ओळखू आला. नवा कागद वर्षभर वास मारतो, मग तो वास मरतो. कारखान्यातल्या प्रत्येक पोरीला ते ठाऊक होतं. वाक्य जिभेवर तयार होतं. तो तुमचा मुलगा नव्हता, बाई, ती आमची पिंपं होती. वर्षभर सडक्या अंड्याचे मुके घेत होता तुम्ही. एवढं बोलायचं, टोपी सारखी करायची आणि चालू पडायचं. रुमालाची, पडद्यांची, गाद्यांची सगळी फेड झाली असती.

फोटोतल्या पोराला गणवेश मोठा होत होता. हलू नकोस म्हणून बजावल्यामुळे तो ताठ बसला होता, पण ओठ हसू दाबून धरलेले. कान ब्रूनोसारखेच बाहेर आलेले. सेल्माने त्याच्यावरची धूळ अंगठ्याने हलकेच पुसली. वाक्य गिळलं. फोटो परत दिला.

फ्राऊ लिंडनरनी रुमाल बाजूला घेतला आणि सवयीने फोटो नाकाशी नेला.

त्या थबकल्या. पुन्हा हुंगला.

“आला,” त्या म्हणाल्या. “ब्रूनो, आला रे! माझ्या मोरित्सचा वास आला!”

मग त्यांना फोटोवरचा अंगठ्याचा ओलसर ठसा दिसला. तिथून त्यांची नजर सेल्माच्या सोललेल्या हातांवर गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. सेल्माने हात झग्याच्या चुण्यांत लपवले.

“आण इकडे.”

“काय?”

“हात आण गं.”

म्हातारीने दोन्ही हात ओढून घेतले आणि त्यांच्या ओंजळीत तोंड खुपसलं. सेल्मालाच स्वतःच्या हातांची किळस आली. ते सोडवून घ्यावेसे वाटले, पण म्हातारीची पकड घट्ट होती. रुमाल जमिनीवर पडला होता. वाऱ्याने पडदे हलत होते.

“खिडकी लाव, ब्रूनो,” फ्राऊ लिंडनर ओंजळीतूनच म्हणाल्या. “वास जाईल.”