विळीची साखळी

भिकनचा भाऊ आला आणि नेमका तेव्हाच भिकन जागेवर नव्हता. नवसाबाईला साहेबांचा इतका राग आला की तव्यावरची भाकरी करपली तरी तिला वास आला नाही.

सुटून आलेल्या कैद्यांचं ते वसतिगृह. नवसाबाई तिथली काळजीवाहक. म्हणजे नेमणूक काळजी वाहायची, आणि प्रत्यक्षात भाकऱ्या थापायच्या, कुणाला ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, आणि ज्याला भेटायला कुणीच येत नाही त्याच्यावर उगाच ओरडायचं. आपल्यावर ओरडणारं कुणीतरी आहे, एवढं तरी त्याला कळावं म्हणून.

भिकनची इथली मुदत संपत आली होती. भावानं नेलं तर घर, नाहीतर रस्ता. सकाळपासून तो दारातून हलला नव्हता. रस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला की बागलाणी बोलीत विचारायचा, "उना का भाऊ? उना का?"

"आला म्हंजे मी काय त्याला डब्यात दडवून ठिवनार हाय?" नवसाबाई दटावायची आणि स्वतःच दाराकडे बघायची.

तेवढ्यात कुंपणापलीकडच्या बंगल्यातून निरोप आला. लोणच्याच्या कैऱ्या चिरायच्यात, भिकनला धाडा. बंगला अधीक्षकसाहेबांचा. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली, पण साहेबांची शिस्त काही उठली नव्हती.

"आज नगं साहेब, त्याचा भाऊ यायचाय," नवसाबाईनं विनवलं.

"भाऊ काय पळून जातोय?" साहेब म्हणाले.

आणि आता भाऊ समोर होता. सहादू नाव. नामपूरहून आलेला, साधा माणूस. पिशवीत भिकनसाठी आणलेली कोरी टोपी त्यानं नवसाबाईला दोनदा काढून दाखवली. संध्याकाळच्या गाडीनं दोघं जाऊ म्हणाला. भिकन येईस्तोवर खाऊन घ्या म्हणत नवसाबाईनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. बसायला जागा करावी म्हणून सहादूनं विळी बाजूला सारली, तर तिच्यामागून साखळी खळखळत आली.

साखळीचं एक टोक विळीच्या पाटाला, दुसरं भिंतीतल्या कडीला, वर कुलूप. साहेबांचा टायगर मेला तेव्हा त्याच्या गळ्यातली ही साखळी इथे आली होती. इतकी आखूड, की कांदा चिरायचा तर भिंतीकडे तोंड करून बसावं लागे.

"ही साखळी कसाले शे?" सहादूनं विचारलं.

नवसाबाई तोंड उघडणार तोच दारातून उत्तर आलं. साहेब फेरीवर निघाले होते.

"खबरदारी. खुनाची माणसं आहेत ही. धार दिसली की डोकं कधी फिरेल, सांगता येत नाही. तुम्हीही घरी जरा जपून राहा." पाऊस पडेल, छत्री घ्या, अशा सुरात सांगून साहेब पुढे गेलेसुद्धा.

सहादूचा घास हातातच राहिला.

"अवो, मेल्या कुत्र्याची साखळी हाय ती!" नवसाबाई म्हणाली. "भिकन माझ्याशेजारी बसून रोज कांदा चिरतो. कापलं तर सोताचं बोट कापलं त्यानं."

"तुमनं खरं व्हई, माय. पन साहेब शिकेल मानूस शे." सहादूनं मान खाली घातली. "मना घर ल्हान पोरे शेतस."

"थांबा, त्याला बोलावते. एकदा बघा तरी त्याच्याकडं!"

"नको. त्याले देखं तर मना पाय निंघाव नई."

तो उठला. अर्धी भाकरी ताटात राहिली. कोरी टोपी पिशवीतून परत गेली.

नवसाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कमरेची किल्ली काढून तिनं कुलूप उघडलं, साखळी हाताला गुंडाळली आणि कुंपण ओलांडून थेट बंगल्याचा व्हरांडा गाठला.

भिकन विळीवर बसला होता. मोकळ्या विळीवर. पाती कैरीच्या रसानं ओली चमकत होती. साहेबांची धाकटी लेक त्याच्या पाठीवर रेलून, गळ्यात हात टाकून, मीठ लावलेली फोड चोखत होती. बाईसाहेब आत रेडिओ ऐकत होत्या. खुनाची माणसं! दुसऱ्याच्या घरी खुनाची, आणि यांच्या लोणच्याला सोन्यासारखी!

तिनं साखळी विळीच्या पाटाला आवळली, दुसरं टोक व्हरांड्याच्या खांबाला, आणि कुलूप लावलं. भिकन नुसता बघत राहिला.

आवाजानं बाईसाहेब बाहेर आल्या. "अगं नवसाबाई, हे काय चाललंय?"

"खबरदारी, बाईसाहेब! साहेबांचाच नियम हाय. धार दिसली की ह्यांचं डोकं फिरतं म्हनं!"

तिला वाटलं होतं, बाईसाहेब ओशाळतील. निदान चिडतील. बाईसाहेबांनी एकदा साखळीकडे बघितलं, एकदा भिकनकडे, आणि झडप घालून पोरीला त्याच्या पाठीवरून ओढून घेतलं. दार आतून बंद झालं. पोरीचं रडणं दाराआडून ऐकू येत राहिलं.

नवसाबाई किल्ली हातात धरून उभी राहिली. आपण काय करून बसलो ते तिला आता दिसलं.

साखळी पुरेना, म्हणून भिकननं विळी उचलून फिरवली, खांबाकडे तोंड करून बसला आणि पुढची कैरी घेतली.

"नवसाबाई," त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं, "उना का भाऊ?"