उलटा फेरा

विठोजी पडले ते तळ्याच्या फाटकातून आत आल्याआल्याच. गिरीराजनं मागे वळून पाहिलं, तर फाटकाबाहेरची रिक्षा दिसत होती, रिक्षावाला दात घासताना दिसत होता, आणि त्याच्या तोंडातला फेससुद्धा दिसत होता. इतकं जवळ.

"आप्पा! आप्पा, काय होतंय?"

विठोजींनी छातीवर हात दाबून धरला होता. कपाळ घामानं निथळत होतं. रोज चाला, आयुष्य वाढेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. या तळ्याभोवतीच्या वाटेवर सकाळी अर्धं जे. पी. नगर आयुष्य वाढवत फिरत असे. उरलेलं अर्धं त्यांना शहाळी विकत असे.

"कुणीतरी या हो! स्वल्प हात लावा!"

माणसं लगेच धावली. गाव तसं मदतीला कधी मागे नाही. माकडटोप्या आल्या, कॅनव्हासचे बूट आले. पलीकडे हात वर करून हसत असलेल्या हास्य क्लबानं हसणं थांबवून आपली सतरंजी दिली. विठोजींना तिच्यावर घेतलं, चौघांनी चार कोपरे धरले. डोक्याकडचा एक कोपरा गिरीराजकडे होता. तो फाटकाकडे वळला. बाकीचे तीन कोपरे वळले नाहीत.

"अय्यो, तिकडे कुठं?" नागराजण्णा म्हणाले. ते फिरणाऱ्यांच्या संघाचे अध्यक्ष, विठोजींच्याच नात्यागोत्यातले. फाटकाजवळ मारुती बसवला तो त्यांनीच. तेव्हापासून सगळ्यांनी तळं उजव्या हाताला ठेवूनच चालायचं, असा नेम पडला होता. उलटं कुत्रंही फिरत नसे.

"फाटक हे काय इथं आहे, नागराजण्णा. रिक्षा उभी आहे."

"दिसतंय की मला. पण उलटा फेरा प्रेताचा असतो रे. बाप जिवंत आहे ना तुझा? मग सरळ घेऊन चल. तळ्याला फेरा घालून त्याच फाटकाला येतोय आपण."

"अहो, चार पावलं आहेत!"

"चार असू दे, नाही तर अर्धं. उलटं ते उलटं."

पायाकडच्या तरुणानं कमरेला पेजर लावला होता, म्हणजे तो शिकलेला असणार. गिरीराजनं आशेनं त्याच्याकडे पाहिलं.

"अंकल बरोबर बोलतायत," तो म्हणाला. "समोरून एवढं पब्लिक येतंय. टक्कर होईल."

गिरीराज दोन्ही हात घालून वडिलांना एकटाच उचलायला वाकला. तेवढ्यात विठोजींनी डोळे उघडले.

"गिरी, उलटा नेऊ नको मला," ते म्हणाले. "मी अजून आहे."

सतरंजी सरळ निघाली.

वाटेवर नेहमीसारखी वर्दळ होती. भरभर चालणारे मागून येऊन "साइड, साइड" म्हणत पुढे जात होते. पहिल्या वळणावर एका बाईनं वाटभर मिरच्या वाळत घातल्या होत्या. तुडवू नका म्हणून ती ओरडली, तेव्हा चौघं एका रांगेत कडेकडेनं गेले आणि विठोजी सतरंजीत गाठोड्यासारखे दुमडले. पुढं एक जण बायकोला स्कूटर शिकवत होता. स्कूटर बंद पडली होती, आणि बायको काही उतरत नव्हती. बांधावर पोरांचं क्रिकेट चाललं होतं. स्टंप वाटेच्या मधोमध.

"ओव्हर संपू दे अंकल, दोनच बॉल!"

त्यातला एक वाइड पडला.

"कुठवर आलो?" विठोजींनी विचारलं.

"आलंच आप्पा, बोलू नका."

तळ्याच्या मागच्या अंगाला हातांची अदलाबदल झाली. नव्यानं कोपरा धरलेल्या गृहस्थांनी गिरीराजला विचारलं, "हा कितवा फेरा तुमचा?" गिरीराजनं पाऊल आणखी भरभर उचललं. त्याची बोटं सतरंजीच्या काठात वळून पांढरी पडली होती.

"मारुती दिसतो का रे?" विठोजी अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"दिसतोय, आप्पा. शेंदूर दिसतोय. फाटकही दिसतंय."

विठोजींचा हात छातीवरून घसरला, सतरंजीबाहेर आला आणि मातीतून ओढला जाऊ लागला.

नागराजण्णांनी सगळ्यांना थांबवलं. नाकाखाली बोट धरलं. मग छातीला कान लावला. बराच वेळ लावला. उठले तेव्हा त्यांनी माकडटोपी काढून खिशात कोंबली. त्यांचे डोळे भरले होते.

फाटक समोर होतं. रिक्षावाल्यानं हे लोक येताना पाहिले, वाकून हँडल ओढलं आणि रिक्षा चालू करून ठेवली.

"वळा," नागराजण्णा म्हणाले.

"काय?"

"आता सरळ नाही नेता येत, राजा."

गिरीराजनं फाटकाकडे पाहिलं. वडिलांचा हात उचलून त्यानं छातीवर ठेवला, त्याला लागलेली माती पुसली.

"सरी, फिरवा," तो म्हणाला.

सतरंजी जागच्या जागी फिरली आणि तळं डाव्या हाताला घेऊन निघाली. आता सगळं जे. पी. नगर समोरून येत होतं. काय झालंय ते लांबूनच कळत होतं. भरभर चालणारे वाट सोडून गवतात उतरले, हात जोडून उभे राहिले. पोरांनी स्टंप उपटले. स्कूटरवरची बाई न सांगता उतरली. मिरच्यावाली ओच्यात मिरच्या गोळा करत सुटली, जेवढ्या राहिल्या तेवढ्या तिनं पायानं बाजूला सारल्या.

कुठंच थांबावं लागलं नाही. अख्खा फेरा पाहता पाहता संपला.