न दिसणारं धुराडं

"मी नाही दाबणार ते बटण," बूरुल एजे म्हणाली आणि माउसवरचा हात उचलून तिनं चहाच्या वाटीवर ठेवला.

डोंगरातल्या आत-बाशी गावच्या बँकेत तिची बावीस वर्षं गेली होती; थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळे तिला एजे म्हणत. गिऱ्हाइकाची चाल बघून ती सांगायची, याच्या मेंढ्यांना यंदा कोकरं किती झाली. आता बिश्केकच्या मुख्य कचेरीतून आलेली आयझिरेक तीन दिवस तिला पडद्यावरचे रंगीत रकाने शिकवत होती. आज, बुधवारी, बारापर्यंत एजेनं शिकल्याची सही केली नाही, तर सोमवारपासून तिच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसणार होतं.

"बाई गं, माणसं ओळखायला मला ही काच कशाला? दारातून कोण आलं ते मला पावलांवरून कळतं."

"आलेल्यांना ओळखता हो," आयझिरेकही आता टेकीला आली होती. "न आलेल्यांचं काय? ही लाल यादी बघा. दर सोमवारी येणारे, या सोमवारी फिरकलेच नाहीत. बटण दाबलं की सगळ्यांना जाहिरात जाईल. संपलं!"

एजेनं नाक मुरडत यादी वाचली. सातवं नाव कालिचा आपाचं. रविवारच्या बाजारात लोकर विकायची आणि सोमवारी पैसे भरायचे, हा म्हातारीचा सहा वर्षांचा नेम. तो चुकल्याचं एजेच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आमच्याकडे सकाळी एखाद्या धुराड्यातून धूर दिसला नाही, की शेजारी जाऊन दार ठोठावतो. पण आपाचं घर शेवटच्या वळणापलीकडे, एकटं. तिचं धुराडं कुणालाच दिसत नाही.

एजे उठली. "गाडी काढ तुझी."

"एजे, अहो सही! बारा वाजत आलेत."

"सही गेली खड्ड्यात!"

आपा विझलेल्या शेगडीपाशी सापडली. रविवारी संध्याकाळी गोठ्यात घसरून पाय मोडला होता. सरपटत ती घरात आली, पण सरपणापर्यंत पोचली नाही. घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कुमिसाची किटली हाताशी होती म्हणून तगली. दवाखान्याच्या गाडीत चढवताना तिनं तळवे उघडून एजेला आशीर्वाद दिला.

"मला नको देऊस, आपा," एजेला रडू फुटलं. "मी विसरले होते गं तुला."

दोघी परतल्या तेव्हा चार वाजून गेले होते. एजे आपली वाटी आणि शाल पिशवीत भरू लागली.

"ठेवा ते," आयझिरेक म्हणाली. "बारा वाजताच मी फोन करून कळवलं, एजे शिकल्या म्हणून."

एजेनं पिशवी खाली ठेवली. खुर्चीत बसून तिनं रुमालाच्या टोकानं पडदा पुसला. मग त्याच्यासमोर दोन्ही तळवे उघडून, आशीर्वाद घेतल्यावर फिरवतात तसे चेहऱ्यावरून फिरवले.

"खोटं बोललीस. मी काही शिकले नाही अजून," ती म्हणाली. "ते रंगबिंग राहू दे. मला आधी एवढंच शिकव, आज कुणाकुणाच्या धुराड्यातून धूर आला नाही ते कुठं दिसतं?"