शब्द न् शब्द माझा

सुचिता चिखलीच्या एका कॉलेजात शिकवायची. मोताळा तालुक्यातल्या कापूस वेचणाऱ्या बायांवर तिनं पीएचडीचा प्रबंध लिहिला होता. तो तपासणीला गेला आणि त्यातला निम्मा मजकूर तिचेच मार्गदर्शक डॉ. आल्हाद सराफ यांच्या पुस्तकातला निघाला. प्रबंधात त्या पुस्तकाचा साधा उल्लेखही नव्हता.

चौकशी समिती बसली. आता पदवी तर जाणारच, नोकरीही जाणार, हे सुचिताला दिसत होतं.

"सरांनीच माझा कच्चा मसुदा छापला," ती सांगत राहिली.

"पण मॅडम, पुस्तक तं तुमच्या प्रबंधाच्या सहा महिने आधी आलं. आम्ही काय समजाव?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्या पुस्तकातला शब्द न् शब्द माझा आहे," सराफ सर म्हणाले. "गावोगाव मी स्वतः फिरलोय."

"मग सर, पान चौऱ्याऐंशी जरा वाचून दाखवा ना," सुचिता म्हणाली.

सरांनी चष्मा चढवला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"धामणगाव बढेच्या शेतात माझ्याच्यानं बांध चढवेना. मला सातवा महिना लागला होता. शेवटी बायांनीच हात धरून..."

सर तिथंच थांबले. समितीतल्या वयस्कर शारदाबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि अगदी मायेनं विचारलं,



"मंग सर, काय झालं? पोरगा का पोरगी?"